सदतिसावं वचन

रविवारची उपासना आटोपली होती. इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकडेला असलेल्या एका गावात मी शास्त्रपाठ घ्यायला गेलो होतो. मंडळी लहान, चाळीस-पंचेचाळीस माणसं. पत्र्याच्या शेडमध्ये चहा चालला होता, लोक एकमेकांना सलाम करून घरोघर निघाले होते. सत्तरीच्या एक मावशी मात्र बाकावरून उठेनात. चेनच्या रेक्झिन कव्हरातून त्यांनी बायबल काढलं, करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय उघडला आणि माझ्यापुढे धरला. नववं वचन लाल पेनानं अधोरेखित केलेलं. एकदा नाही, दोनदा. रेघ मागच्या पानावर उमटली होती.

"ही रेघ माझी नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या पंचांनी मारून दिली."

मुलगा पुण्यात कंपनीत. वय चौतीस. आदल्या नाताळात घरी आला तेव्हा करंज्यांना मुरड घालता घालता त्यानं आईला सांगून टाकलं, की मुली बघणं थांबव. ज्याच्याबरोबर खोली करून राहतो, तोच माझा जोडीदार आहे. मावशींनी बहिणीला सांगितलं, बहिणीनं आणखी कुणाला, आणि आठवड्याभरात गोष्ट पंचांपर्यंत गेली. प्रभुभोजनाच्या रविवारी त्याला पुढे येऊ नको म्हणून निरोप आला. त्या दिवसापासून तो गावाकडे फिरकला नव्हता.

"सर, तुम्ही मूळ भाषा शिकवता म्हणे. तिथं काय लिहिलंय तेवढं सांगा. बाकीचं माझं मी बघते."

पाळक व्हायला निघालेल्या मुलांना मी तीस वर्षं ग्रीक आणि हिब्रू शिकवतोय. इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. मुलं उलटं विचारतात: मूळचं राहू द्या सर, परीक्षेला काय लिहायचं ते सांगा.

तर मूळचं सांगतो. नवव्या वचनातल्या पापांच्या यादीत पत्रलेखक पौलानं दोन ग्रीक शब्द शेजारी शेजारी ठेवले आहेत. पहिला 'मालाकोई', म्हणजे मऊ, मुलायम. हाच शब्द मत्तयाच्या अकराव्या अध्यायात राजवाड्यातल्या तलम कपड्यांसाठी येतो. माणसाला लावला की नेभळट, ऐषारामी, बायकी असे त्याचे अर्थ होतात, आणि प्रत्येक अनुवादक आपल्या काळाच्या कलानं त्यातला एक उचलतो. दुसरा शब्द 'आर्सेनोकॉइताई'. आर्सेन म्हणजे पुरुष, कॉइते म्हणजे बिछाना. हा शब्द पौलाच्या आधीच्या ग्रीक लिखाणात सापडत नाही. बहुधा त्यानंच तो जोडला, जुन्या करारातल्या लेवीयच्या विसाव्या अध्यायातल्या तेराव्या वचनावरून. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे हे दोन्ही शब्द पाठीला पाठ लावून आहेत. म्हणजे पुरुषानं पुरुषाशी केलेला संग त्याच्या मनात होताच, हे नाकारून भागत नाही. माझे काही उदारमतवादी मित्र ते नाकारतात. मला ते व्याकरणाशी बेइमानी वाटते.

पण मनात कोणता संग होता? करिंथ हे बंदराचं गाव. तिथे मालक गुलामाला वापरत होता, प्रौढ पुरुष पोरांना वापरत होता, पैसे टाकून शरीर मिळत होतं. दोन सारख्या वयाचे, सारख्या मानाचे पुरुष एका छपराखाली संसार करतायत आणि महिन्याचं लाइट बिल निम्मं-निम्मं भरतायत, हे चित्र पौलापुढे होतं असं त्याच्या पत्रांत कुठे दिसत नाही. ल्यूथरनं सोळाव्या शतकात दुसऱ्या शब्दाचं जर्मन केलं ते 'पोरांना नासवणारे' अशा अर्थाचं. समलिंगी माणसांसाठीचा आजचा पाश्चात्त्य शब्द मुळात १८६९ साली जर्मनीत छापून आला. इंग्रजी बायबलच्या एका नामांकित आवृत्तीत तो पहिल्यांदा शिरला १९४६ मध्ये, आणि १९७१ मध्ये त्याच आवृत्तीनं तो काढून टाकला. मावशींना मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की ही रेघ ज्या शब्दाखाली आहे तो शब्द पौलाचा नाही, भाषांतर करणाऱ्याचा आहे. आणि भाषांतर करणारा म्हणजे माझ्यासारखाच कुणीतरी, दुपारी जेवून पेंगणारा.

भाषांतर म्हटलं की मला केडगाव आठवतं. पुण्याहून बारामतीला जाणारी गाडी दौंडच्या आधी तिथे थांबते. केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. गाडी तिथून जाताना मी दर वेळी खिडकीकडे सरकतो, ही माझी खोड. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मुळावरून सगळं बायबल त्यांनी मराठीत आणलं, आणि मिशनच्याच छापखान्यात मुलींनी खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून निघालं. पंडितांना नव्हे, खेड्यातल्या बाईला वाचून कळावं, हा त्यांचा आग्रह होता. त्याआधी सेरामपूरला मिशनरी केरीनं मराठी नवा करार छापला होता १८११ साली. दर दोन-तीन पिढ्यांनी कुणीतरी बसतं आणि शब्द बदलतं. ते बदलणं पाप आहे असं आमच्याकडच्या कुठल्या मंडळीनं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

रमाबाईंची आणखी एक गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना आवडत नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्याबरोबर चर्चचा एकेक नियम डोळे मिटून गिळायला त्यांनी साफ नकार दिला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. ख्रिस्त पत्करला म्हणजे आपली बुद्धी चर्चच्या दाराशी टांगली असं होत नाही, हा त्यांचा एकूण सूर. आज आम्ही त्यांची जयंती करतो, त्यांच्या फोटोला हार घालतो. त्या आज जिवंत असत्या आणि आमच्या एखाद्या पंच कमिटीपुढे बसल्या असत्या तर त्यांना किती वेळ बोलू दिलं असतं, याचा अंदाज मला आहे.

त्या दिवशीचा माझा शास्त्रपाठ लेवीयवर होता, हा योगायोग. अकराव्या अध्यायात मोशेचा नियम आहे: पाण्यातल्या जिवाला पर आणि खवले असतील तरच खा. भिगवणच्या मासळी बाजारापासून पाऊण तासावर बसलेल्या लोकांना हे वाचून दाखवलं की चुळबुळ होते. मरळ चालते, चिलापी चालते, रोहू-कटला चालतात. शिंगाळ्याला खवले नाहीत, मांगूरला नाहीत. थाई मांगूर पाळायला सरकारचीही बंदी आहे, म्हणजे मोशे आणि मत्स्यखातं यांचं निदान एका माशापुरतं एकमत झालं. लोक हसले.

हसणं सोपं आहे म्हणूनच सांगतो, की 'मांगूर खाता मग पुरुषसंगाचा नियम का पाळता' हा युक्तिवाद तोकडा आहे. परंपरा मानणारे त्याला उत्तर देतात आणि ते उत्तर पोरकट नाही. ते म्हणतात, खाण्यापिण्याचे नियम ख्रिस्तानंतर गळून पडले, नीतीचे राहिले. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमेत सभा भरली, परराष्ट्रीयांची सुंता माफ झाली, पण जारकर्म वर्ज्यच राहिलं. बरोबर आहे. प्रश्न राहतो तो एवढाच, की जारकर्मात काय काय मोडतं याची यादी त्या सभेनं दिलेली नाही.

सदोमाचं प्रकरण तर मला कधीच या वादातलं वाटलं नाही. गावात आलेल्या परक्यांवर जमावानं बलात्कार करायला निघणं ही हिंसा आहे. तिच्यावरून कुणाच्या संसाराला नाव ठेवणं म्हणजे दरोड्यावरून दुकानदारीलाच दोष देणं. आणि यहेज्केल संदेष्ट्यानं सोळाव्या अध्यायात सदोमाचा गुन्हा सांगितलाय तो गर्वाचा, भरल्या पोटाचा आणि दुबळ्याला हात न देण्याचा. बारामती-इंदापूरच्या उसाच्या पट्ट्यात, कोपीत राहणाऱ्या तोडणी कामगारांच्या डोळ्यांदेखत या वचनावर प्रवचन करायला फारसं कुणी उभं राहत नाही.

खरं अवघड आहे ते रोमकरांस पत्र, पहिला अध्याय. तिथे पौल बायकांचंही नाव घेतो, 'निसर्गाविरुद्ध' म्हणतो, आणि ते वाक्य मला वळवून घेता येत नाही. वर्गात मी फक्त एक गोष्ट करायला लावतो: अध्यायाचा आकडा झाका. पौलानं अध्याय पाडले नव्हते, ते तेराव्या शतकात पडले. आकडा झाकून वाचत गेलं की परक्यांच्या पापांची यादी ऐकत माना डोलावणारा श्रोता पुढच्याच ओळीत पकडला जातो: दुसऱ्याचा न्याय करणाऱ्या माणसा, तूही सुटणार नाहीस. यादी हा सापळा होता. आपण सापळ्यातला खाऊ तेवढा उचलून आणलाय.

तो 'निसर्गाविरुद्ध' शब्द चर्चमधून इंग्लंडच्या कायद्यात गेला, आठव्या हेन्रीच्या १५३३ च्या कायद्यामागून फिरत फिरत १८६० च्या दंडसंहितेत ३७७ वं कलम होऊन इथे उतरला. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम मोडीत काढलं. या वादात ख्रिस्ती आवाज दोन्हीकडे होते, हे आमच्या लोकांना माहीत नसतं. अपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स कलम राहावं म्हणून न्यायालयात उभी होती. उलट मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं हेच कलम आधी कायम ठेवलं होतं तेव्हा, जाहीर सांगितलं, की या माणसांना गुन्हेगार ठरवणं ही कॅथलिक चर्चची भूमिका नाही. लग्न मात्र वेगळी गोष्ट. नागपुरात मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसनं या विषयावर पाळकांना एकत्र बसवून चर्चा घडवल्या. पोप फ्रान्सिस यांच्या काळात, डिसेंबर २०२३ मध्ये, लग्नविधी न करता अशा जोडप्याला आशीर्वाद द्यायची मुभा रोमनं दिली. आमच्या प्रॉटेस्टंट खेड्यांत या बातम्या पोचतात त्या व्हॉट्सअॅपवरून, आणि पोचेपर्यंत त्यांचं 'शेवटचा काळ आला' एवढंच उरलेलं असतं.

नगरकडच्या मंडळ्या ज्या अमेरिकन मराठी मिशननं उभ्या केल्या, त्या मिशनमागच्या चर्चचा आजचा वारस युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट. त्यानं उघडपणे समलिंगी असलेल्या माणसाला १९७२ मध्येच पाळकपदाची दीक्षा दिली आणि २००५ मध्ये समलिंगी विवाहाला पाठिंब्याचा ठराव केला. बारामतीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशनरी आले ते ऑस्ट्रेलियातून. त्या देशात २०१७ पासून असं लग्न कायदेशीर आहे. 'ज्यांनी नियम दिला त्यांनीच तो सोडला, आपण का धरून बसलोय' असं माझा एक विद्यार्थी तावातावानं म्हणाला. मला ते पटलं नाही. त्यांनी दिला म्हणून घेतला आणि त्यांनी सोडला म्हणून सोडला, यात आपण कुठे आहोत?

बारामती मात्र या विषयात आपसूक आहे. १ एप्रिल २०२२ रोजी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात समलिंगी जोडप्यांना जागा द्या म्हणून. दोन पुरुष असतील तर वय २१, दोन स्त्रिया असतील तर १८. इंदापूर, दौंड, पुरंदर, भोर हे सगळे तालुके त्याच मतदारसंघात. खासगी विधेयकाचं नशीब सगळ्यांना माहीत आहे; आजवर चौदाच पास झाली, शेवटचं १९७० साली. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानंही असं लग्न मान्य करायला नकार दिला आणि चेंडू संसदेकडे टोलवला. म्हणजे मावशींच्या मुलाचं लग्न लावायचं कुणा पाळकाच्या मनात आलं तरी १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली ते लागत नाही. वाद लग्नाचा नाहीच. वाद भाकरीच्या तुकड्याचा आणि द्राक्षरसाच्या पेल्याचा आहे.

मी बारामतीतच वाढलो. शेजारच्या काकू रोज शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचत आणि श्रावणी सोमवारी सगळा ग्रंथ. आमच्या ओट्यावर बसून मी ऐकायचो. आई रागवायची, पण आवाज बंद करता येत नव्हता. श्रीधरस्वामींनी हा ग्रंथ शके १६४० मध्ये इथेच, कऱ्हेकाठी पुरा केला. शेवटी गावाचं नाव त्यांनी द्वादशमती असं घातलंय. त्यात सुमेधा आणि सोमवंत या दोन मित्रांची गोष्ट आहे. दोघे एकत्र शिकले, लग्नाला पैसे नाहीत. राजा म्हणतो, सीमंतिनी राणी सोमवारी दांपत्यांची पूजा करून दान देते, तुमच्यातल्या एकानं बाईचा वेश घ्या आणि जा. सीमंतिनी ओळखते, पण शंकर-पार्वती समजून मनोभावे पूजा करते. परतीच्या वाटेवर सोमवंत खरंच स्त्री झालेला असतो. बाप रडतो, राजा देवीला आळवतो. देवी सांगते, माझ्या भक्तानं भावानं केलेलं मला फिरवता येत नाही. यांचं लग्न लावा.

ही गोष्ट मी वर्गात सांगत नाही. तो माझा धर्मग्रंथ नाही, आणि शिवाय ती नियम मोडत नाही. माणूस बदलते आणि नियमात बसवते. मावशींच्या मुलाला बदलायचं नाहीये. पण भावापुढे देवी हात टेकते, ही ओळख आमच्या गावाला तीनशे वर्षांपासून आहे.

माझ्या ग्रंथात याच्या जवळची गोष्ट आहे ती षंढाची. मराठी बायबल कुठे 'षंढ' म्हणतं, कुठे 'नपुंसक'. दोन्ही शब्द आज शिवीसारखेच वापरले जातात. अनुवाद नावाच्या पुस्तकात (हे मोशेचं पाचवं पुस्तक, माझ्या धंद्याशी संबंध नाही) तेविसाव्या अध्यायाचं पहिलंच वचन अशा माणसाला परमेश्वराच्या मंडळीबाहेर ठेवतं. नियम स्पष्ट, फाटा नाही. त्यानंतर काही शतकांनी यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात परमेश्वर म्हणतो, की षंढानं स्वतःला वाळलेलं झाड म्हणू नये. माझ्या घरात मी त्याला मुलामुलींपेक्षा मोठं नाव देईन. 'स्मारक आणि नाव' याला तिथे हिब्रूत 'याद वाशेम' शब्द आहेत. यरुशलेमेतल्या, हिटलरनं मारलेल्या ज्यूंच्या स्मारकाला त्याच वचनातून नाव दिलंय. एकाच पोथीत नियम आहे आणि तो उलटवणाराही देवच आहे.

आणि मग प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. इथियोपियाच्या राणीचा खजिनदार, षंढ, यरुशलेमेला उपासना करून रथातून परत निघालाय. तिथे त्याला किती आत जाऊ दिलं असेल, ते लूक लिहीत नाही. तो यशया वाचतोय, त्रेपन्नावा अध्याय. गुंडाळी अजून थोडी उलगडली असती तर छप्पन्नावा आला असता. सुवार्तिक फिलिप्प त्याच्याजवळ बसतो, समजावून सांगतो. वाटेत पाणी दिसतं आणि छत्तिसाव्या वचनात खजिनदार विचारतो, की माझा बाप्तिस्मा व्हायला आता हरकत काय. हरकत होती. फिलिप्पाला ती पाठ असणार.

मावशींना मी हेच पान काढून दिलं. त्या बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागल्या, शेजारी ठेवलेल्या माझ्या ग्रीक प्रतीच्या झेरॉक्सकडे मधूनच बघत. तिथे पानावर आकडा छत्तीसवरून एकदम अडतीसवर जातो.

"सदतीस कुठाय?"

माझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना हे दिसत नाही. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत सदतिसावं वचन नाही. तिथे षंढ विचारतो आणि लगेच रथ थांबतो, दोघे पाण्यात उतरतात. फिलिप्प उत्तरच देत नाही. सदतिसाव्यात फिलिप्पाच्या तोंडी अट घातलेली आहे, मनापासून विश्वास धरत असशील तर, आणि खजिनदाराची कबुलीही. ही भर जुनी आहे, दुसऱ्या शतकाअखेर बिशप इरेनियसला ती ठाऊक होती. सोळाव्या शतकात ग्रीक नवा करार छापणाऱ्या एरास्मसला ती एका हस्तलिखिताच्या समासात दिसली, नकलनविसाच्या नजरचुकीनं राहिली असं समजून त्यानं ती मजकुरात घेतली, आणि तिथून ती जगभर गेली. आता कुठे कंसात असते, कुठे तळटीपेत. अट वाईट नाही. पण काहीच न विचारता त्याला पाण्यात नेलं, हे कुणाला तरी सोसलं नाही.

मावशींनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे आमच्या पंचांसारखं तेव्हाही कुणीतरी होतंच की."

मी पंचांची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. पंच भला माणूस आहे. लोकांच्या दवाखान्याच्या फेऱ्या तोच मारतो. त्याची स्वतःची थोरली मुलगी घटस्फोटित, दुसरं लग्न करून त्याच बाकांवर बसते आणि प्रभुभोजन घेते. त्यात गैर काही नाही. पण घटस्फोटाविषयी येशू स्वतः बोलला आहे आणि चांगलं कडक बोलला आहे. मुलाच्या प्रकरणाविषयी चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एक शब्द नाही. जिथे प्रभू बोलला तिथे आम्ही आपल्या लेकीबाळींकडे बघून वाट काढली, १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यात २००१ मध्ये सुधारणा झाली तेव्हा ख्रिस्ती बायकांना सुटसुटीत न्याय मिळाला म्हणून पेढे वाटले. जिथे तो गप्प राहिला तिथे लाल पेन काढला. हे मी मावशींना बोललो नाही. त्यांना ते माझ्याआधी ठाऊक होतं. पंचांच्या मुलीच्या दुसऱ्या लग्नात पोळ्या त्यांनीच लाटल्या होत्या.

"पुढच्या प्रभुभोजनाला त्याला बोलावते," त्या म्हणाल्या. "नाही दिलं तर माझ्यातला अर्धा देईन. तसं करू नका असं कुठं लिहिलंय का?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं लिहिलेलं.

भिगवणच्या एसटीपर्यंत त्या मला सोडायला आल्या. गाडी लागल्यावर खिडकीतून एक काळी पिशवी आत दिली, खाली बर्फ, वरून वर्तमानपत्र. काय आहे विचारलं.

"चिलापी. खवले हायेत, बघून घेतलंय."